एक हात मोकळा

बसा सगळे. पुढची पोरं खाली बसा, मागच्यांना दिसू द्या. दिसण्यासारखं काही नाही म्हणा, ऐकायचंच आहे. पण माणसाला सांगणाऱ्याचं तोंड दिसलं की गोष्ट जास्त खरी वाटते.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला विचारू नका, पानवळच्या बाजारातली ही चिंच नुकती लावलेली होती. जुनी माणसं सांगत की तेव्हा ती गुडघ्याएवढी होती आणि शेळीनं खाऊ नये म्हणून तिला काट्यांचं कुंपण केलं होतं. आज तिच्या बुंध्याला चार माणसांची मिठी पुरत नाही. त्यावरून काय तो हिशोब करा.

वेळी नदीच्या खोऱ्यात तेव्हाही सातच गावं होती आणि पानवळ मधोमध, म्हणून बाजार तिथे भरायचा, दर गुरुवारी. त्या बाजारात, त्या एवढ्याशा चिंचेशेजारी, घोंगडी टाकून ठमा कासारीण बसायची. पुढ्यात काकणांची पाटी. नवरा शहरातून माल आणायचा आणि ती तो सात गावांच्या हातांत भरायची. तिचा हात इतका हलका होता की काकण कधी चढलं ते कळायचं नाही. असं म्हणतात, आयुष्यात तिच्या हातून एकही काकण फुटलं नाही. मी कासारांना विचारलं, ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. पण गावात कुणाला विचारा, हेच सांगतील.

ठमाच्या तोंडावर देवीचे वण होते. देवी म्हणजे तो जुना आजार, अंगभर फोड यायचे, माणसं माश्यांसारखी मरायची आणि जगली तरी चेहरा चाळणीसारखा व्हायचा. आता तो राहिला नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. ठमा लहानपणी त्यातून वाचली होती. तिची लेक सुली मात्र वाचली नाही. चार वर्षांची होती. सुलीसाठी आणलेली चार इवलीशी हिरवी काकणं ठमानं फडक्यात बांधून पाटीच्या तळाशी ठेवली होती. ती तिनं कधी विकायला काढली नाहीत आणि घरीही ठेवली नाहीत. जिथे पाटी जाईल तिथे ती जायची.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देतो. दाजीपंत. सरकारी माणूस. दर थंडीत सरकार त्यांना खोऱ्यात पाठवायचं पोरांना टोचायला. पंत एक बारीक सुरी घेऊन यायचे, आणि एक लेकरू घेऊन यायचे. लेकरू कशाला, तर टोचायचं औषध त्या लेकराच्या दंडावर असायचं. ते औषध मूळचं गाईच्या आचळावरच्या फोडातलं पाणी. ते बाटलीत टिकायचं नाही. लेकराच्या दंडावर टोचलं की तिथे एक टपोरा फोड यायचा, आठव्या दिवशी तो पिकायचा, आणि त्यातलं थेंबभर पाणी दुसऱ्या लेकराच्या दंडाला लावायचं. मग त्याला फोड, पुन्हा आठ दिवस, पुन्हा पुढचा दंड. दिवस चुकला की फोड सुकला. फोड सुकला की पाणी मेलं. असं एका लेकराकडून दुसऱ्याकडे ते औषध हातोहात कुठून कुठून चालत आलेलं होतं.

पंत दिसले की खोऱ्यात पळापळ व्हायची. बाया पोरं कणगीत लपवायच्या. पाटील शिवारात निघून जायचे. पंतांना कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. ठमा तेवढी विचारायची. कारण सुली गेली त्या वर्षी पंत आले होते, आणि ठमाच्या सासूनं सुलीला कणगीत लपवलं होतं.

एका थंडीत पंत आले ते हातात कागद घेऊन. चावडीवर माणसं जमली आणि पंतांनी कागद वाचला. त्यात असं होतं की सरकारला रयतेच्या शहाणपणावर पूर्ण भरवसा आहे, आणि आपल्या गावाचं भलं गावाइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, सबब टोचण्याचं काम आजपासून सरकारनं सोडलं असून ते गावोगावच्या स्वखुशीच्या माणसांनी आपसांत चालवावं. सरकारची सदिच्छा पाठीशी आहेच. माझा अनुभव असा की सरकार आपल्याला फार शहाणं म्हणायला लागलं की आधी घरात जाऊन बघावं काय काय जागेवर आहे. पण गावाला तेव्हा आनंद झाला. पोरं कणगीतून बाहेर आली.

पंत खाली बसले. म्हणाले, ‘‘उद्या मी जाणार. पाणी सध्या तुमच्याच कुंभारवाड्यातल्या एका लेकराच्या दंडावर आहे. येत्या गुरुवारी ते पिकेल. कुणी पुढं नेलं तर आहे, नाही नेलं तर या सात गावांत ते कुठेच राहणार नाही.’’

यावर गावानं काय करावं? गावानं मंडळी नेमली. मंडळीत कोण बसणार यावर दिवस मावळेपर्यंत बोलणं झालं, मग मंडळीनं कुठे बसावं यावर झालं. दुसऱ्या दिवशी पंत जायला निघाले तेव्हा मंडळीला नाव मिळालं होतं, बाकी काही नाही. वेशीपाशी ठमा उभी होती. तिनं म्हटलं, मला दाखवा कसं करायचं ते. पंतांनी तिच्या दंडावर उगाच हळदीचं पाणी लावून दाखवलं. तिनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा स्वतः केलं, आणि पंत म्हणाले की मला वीस वर्षांत जमलं नाही असा तुझा हात चालतो. सुरी तिच्या हाती देऊन ते गेले. वळणावर ते डोळे पुसत होते असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. वीस वर्षं ज्या कामापायी माणूस शिव्या खातो ते काम त्याचं लाडकं होऊन बसतं.

सुरीचा प्रश्न सुटला, पण दंड कुठून आणायचे? पाणी पुढं न्यायला दर गुरुवारी निदान दोन लेकरं हवीत. एक नेमाचं आणि एक जोडीचं, म्हणजे एकाचा फोड बिघडला तर दुसऱ्याचा कामी येईल. आणि आया काही देईनात. टोचायला द्यायला एक वेळ तयार व्हायच्या, पण आठ दिवसांनी लेकराच्या फोडातलं पाणी दुसऱ्याला द्या म्हटलं की पदराखाली घ्यायच्या. त्यानं आपल्या लेकराचं बळ जातं, अशी समजूत होती.

इथे ठमानं काय केलं ते ऐका. ती चावडीवर गेली नाही, मंडळीकडे गेली नाही. ती काकणं भरत राहिली. आता काकणं भरून घेताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो. अर्धा हात भरलेला, अर्धा मोकळा, उठून जाते कुठे? तेवढ्या वेळात ठमा बोलायची. म्हणायची, तुझ्या घरचं विरजण संपलं तर काय करतेस? शेजारणीकडून चमचाभर आणतेस. तिचं दही कमी झालं का? आणि तिचं संपलं की ती तुझ्याकडे येते. हे तसंच आहे, दह्याऐवजी दंडावर लागतं एवढंच. आणि तरीही एखादी गप्प बसली तर ठमा पाटीतलं फडकं सोडून ती चार काकणं दाखवायची. पुन्हा बांधून ठेवायची.

त्या पहिल्या गुरुवारी कुंभाराच्या लेकराचं पाणी एका तेल्याच्या आणि एका माळ्याच्या लेकराला गेलं. पुढच्या गुरुवारी उंबरटेकला, मग वाघदऱ्याला. हळूहळू सात गावांची पाळी लागली. पाळीच्या आईला आठ दिवस शेतावर जाऊ द्यायचं नाही, तिच्या वाटचं खुरपण शेजारणी करतील, असं बायांनीच ठरवलं. लांबच्या गावची आई असली तर वाटेत कुणी ताक घेऊन उभं राहायचं. उंबरटेकचा एक लंगडा सुतार लेकरांसाठी झोळ्या बांधून द्यायचा. हे सगळं कुणी लिहून ठेवलं नाही. मंडळीला कळलं तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि मंडळीनं लगेच स्वतःचं अभिनंदन केलं.

गावकुसाबाहेर वस्ती होती. प्रत्येक गावाला असायची तशी पानवळलाही होती, आणि तिथल्या माणसांना गावाच्या पाणवठ्यावर जायची बंदी होती, देवळात जायची बंदी होती, आणखी किती बंद्या होत्या त्या सांगायला मला लाज वाटते. ठमा वस्तीत जायची. काकणं भरायला आधीही जायची. टोचायचं काम आल्यावर तिनं असं ठेवलं की दोन लेकरांतलं जोडीचं लेकरू दर वेळी कुठल्या ना कुठल्या वस्तीतलं असेल. गावाकडून वस्तीकडे पाणी जाताना कुणी हरकत घेतली नाही. ते परत यायची वेळ कधी आली नव्हती, कारण नेमाच्या लेकराचा फोड आजवर कधी बिघडला नव्हता.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधीचा गुरुवार आला. घाटाखाली देवीची साथ सुरू झाल्याची बातमी बाजारात होती. साथ रोज एक गाव वर सरकत होती. त्या गुरुवारी पाळी खुद्द पानवळची. टोचायची राहिलेली अकरा लेकरं होती, त्यात खंडेराव पाटलांचा पाच महिन्यांचा नातू. संक्रांतीची काकणं भरायला अख्खा गाव चिंचेपाशी लोटला होता. गर्दी एवढी की ठमा म्हणाली, आधी सगळ्यांचा एकेक हात भरून टाकते, मग दुसरा घेते. तिची रीत अशी की आधी दोन्ही हातांची जुनी काकणं उतरवायची. तेव्हा अकरा आया चिंचेभोवती बसल्या होत्या, प्रत्येकीचा एक हात हिरवागार आणि एक हात मोकळा.

एवढ्यात उंबरटेकची बाई नेमाचं लेकरू घेऊन आली आणि रडायलाच लागली. लेकराच्या आजीला त्याचा लालबुंद दंड बघवेना. तिनं मायेनं वर हळद-तुपाचा लेप घालून फडकं घट्ट बांधलं होतं. फोड फुटून कोरडा पडला होता. ठमानं दंड पाहिला, लेकराचा मुका घेतला, आणि त्या बाईला म्हणाली की आजीला रागावू नको.

मग उरली जोडीची. ती होती पानवळच्याच वस्तीतल्या भागूची लेक, तानी, वर्षाची. भागू बाजाराच्या कडेला, तिनं उभं राहायचं तिथे, लेकीला घेऊन उभी होती. तानीच्या दंडावर फोड मोत्यासारखा पिकला होता.

कुणी हललं नाही. जी माणसं त्या घरचं विरजण कधी घेणार नव्हती, ती त्या दंडावरचं पाणी कशी घेणार? खंडेराव पाटील वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. तो म्हणाला की एवढी घाई कशाला, पुढच्या गुरुवारी उंबरटेकचं पाणी आणू. त्याला खरंच वाटत होतं की हे पाणी विहिरीसारखं गावोगाव आहे, एकीकडे आटलं तर दुसरीकडून शेंदावं.

ठमा म्हणाली, ‘‘पाटील, उंबरटेकात पानी न्हाई. वाघदऱ्यात न्हाई. खोऱ्यात जे काय हाय ते त्या पोरीच्या दंडावर हाय, आन् ते उद्या नसंल.’’

बायांनी आपापली लेकरं पदराखाली घेतली. भागूनं तानीच्या डोक्यावर पदर ओढला. म्हणाली, ‘‘मावशी, कुनाला नको आसंल तर मी घरी जाते. लेकराला ऊन लागतंय.’’ आणि ती चालू लागली.

ठमानं तिला थांबवलं नाही. तिनं घोंगडी झटकली, पाटी डोक्यावर घेतली आणि तिच्या मागून निघाली. भर संक्रांतीचा बाजार, अकरा बायांचे हात अर्धे, आणि कासारीण निघाली. पाटलीणबाईंनी विचारलं की अगं, चाललीस कुठं. ती न थांबता म्हणाली, ‘‘जिथं पानी हाय तिथं. दीस मावळंस्तवर बसते.’’ वस्तीत भागूच्या अंगणात तिनं घोंगडी पसरली.

गाव वेशीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. मध्ये एक नांगरटीचं रान होतं, फार तर शंभर पावलांचं. असं म्हणतात की त्या दिवशी सूर्य उंबरटेकच्या डोंगरावर आला आणि तिथेच थांबून राहिला, जणू त्यालाही बघायचं होतं. सूर्य थांबत नाही हे मला माहीत आहे. पण ज्या आया तिथे उभ्या होत्या त्यांना ती संध्याकाळ तेवढी लांब वाटली असणार.

पाटलांची सून मंजुळा, नातवाची आई. वीस वर्षांचीही नसेल. घरात तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. तिनं आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

‘‘आत्याबाई, माझा एक हात मोकळा हाय. सणाच्या तोंडावर अशीच घरी येऊ व्हय?’’

आता याला काय उत्तर द्यावं? सवाष्ण बाई मोकळ्या हातानं घरात कशी घ्यायची? तेही पाटलाच्या, तेही संक्रांतीला. आणि कासारीण तर तिकडे बसलेली. गावाच्या सगळ्या बंद्या एका बाजूला आणि हा एक मोकळा हात दुसऱ्या बाजूला. पाटलीणबाईंनी नातवाची सुटलेली कुंची बांधली आणि म्हणाल्या, ‘‘त्याला नीट झाकून ने. वारं हाय.’’

मंजुळा निघाली. नांगरटीतून, कडेवर लेकरू, एक हात हिरवा, एक मोकळा.

ठमानं आधी तिचा हात भरला. मग भागूकडे पाहिलं. भागूनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं का म्हणावं? तासाभरापूर्वी तिच्या लेकीकडे सगळ्यांनी कसं पाहिलं होतं ते तिनं पाहिलं होतं. ती उंबऱ्यात बसून राहिली. मंजुळाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहू लागलं. तेवढ्यात तिच्या कडेवरच्या लेकरानं हात लांब करून तानीचा कान धरला. तानी हसली.

भागू म्हणाली, ‘‘नाव काय ठिवलं याचं?’’

‘‘मालोजी.’’

‘‘बसा खाली. ही तानी.’’ आणि तिनं लेकीची बाही वर केली.

दोघी मांडीला मांडी लावून बसल्या, दोन लेकरांचे दंड एकमेकांशेजारी धरले, आणि ठमानं एका दंडावरचा थेंब दुसऱ्यावर नेला. मालोजी रडला नाही, म्हणतात. ठमाचा हातच तसा होता. त्यानंतर भागूनं मंजुळाला पाणी विचारलं. मंजुळा प्याली असं काही सांगतात, प्याली नाही असंही सांगतात. मला वाटतं प्याली. एवढं चालून आल्यावर तहान लागतेच.

मग रान भरून बाया आल्या. दहाच्या दहा. जिची तिची सासू मागे उभी, पण मोकळ्या हातानं सुनेला घरी कोण नेणार? एका फोडातलं पाणी अकरा लेकरांना पुरलं, आणि पाटीतली काकणं सगळ्यांना पुरून वर उरली. ठमानं आधी सगळ्यांचा एकेकच हात भरला तो गर्दी होती म्हणून की उंबरटेकची बाई लांबून रडत येताना तिला दिसली होती म्हणून, यावर आजही वाद होतो. तिला पुष्कळांनी विचारलं होतं. ती म्हणायची, त्या दिवशी ऊन फार होतं, मला काही आठवत नाही.

आणि मग देवी आली. साथ घाट चढून वर आली, पण माणसं सांगतात ते वेगळंच. ते म्हणतात, पौष संपता संपता एका गुरुवारी लाल लुगड्यातली एक म्हातारी बाजारात आली आणि ठमासमोर हात पुढे करून बसली. हात निखाऱ्यासारखा तापलेला. ठमानं तिला ओळखलं. ओळखणारच, दोनदा भेटली होती. तरी तिनं हात सोडला नाही, काकण चढवू लागली.

म्हातारी म्हणाली, ‘‘मी लेकरं बघायला आले. कुठं हायती?’’

ठमानं आजूबाजूच्या पोरांना हाक मारली. पोरं आली, एकेकाची बाही वर केली. गावातलं, वस्तीतलं, उंबरटेकचं, वाघदऱ्याचं, ज्याच्या त्याच्या दंडावर टोचल्याचा वण. ठमा म्हणाली, ‘‘आई, सगळ्यांच्या अंगावर तुझी खूण हाय. तू यिऊन गेलीस.’’

म्हातारीनं सगळे दंड निरखून पाहिले. मग तिची नजर पाटीच्या तळाशी फडक्यावर गेली. ही कुणाची काकणं म्हणून तिनं विचारलं. ठमा म्हणाली की माझ्या लेकीची. तुझी लेक कुठं आहे, म्हातारीनं विचारलं, आणि विचारता विचारता तिला आठवलं असावं, कारण ती खाली बघू लागली. ठमानं म्हातारीचा दुसरा हात घेतला आणि तोही भरला, एकही काकण वाढू न देता. म्हातारी उठली आणि आली त्या वाटेनं घाट उतरून गेली. जाताना ती रडत होती असं म्हणतात. त्या वर्षी आजूबाजूच्या खोऱ्यांत घरंच्या घरं बसली. या सात गावांत मोठी माणसं काही गेली, ते लपवत नाही. टोचलेलं एकही लेकरू गेलं नाही.

ही गोष्ट फिरत फिरत सरकारपर्यंत गेली आणि एक साहेब घोड्यावर बसून पाहायला आला. गुरुवारचा बाजार पाहून तो इतका खूश झाला की बघा, म्हणाला, आम्ही काम सोडलं ते किती योग्य केलं. त्यानं ठमाला शाल दिली. ठमानं ती हातात घेऊन त्याला सांगितलं, ‘‘सायेब, आमी चालवलं ते आमचं. तुमी सोडलं ते तुमचं. दोन्ही एकात घालू नका.’’ साहेबाला काय कळलं देव जाणे. त्यानं पुढच्या वर्षी नदीवरचा पूलही रयतेच्या शहाणपणावर सोपवून टाकला. ती शाल ठमानं भागूच्या तानीला पांघरली.

तानी चार वर्षांची झाली त्या संक्रांतीला ठमा वस्तीत गेली. तिनं पाटीच्या तळाचं फडकं सोडलं आणि सुलीची चार काकणं तानीच्या हातात भरली, दोन इकडे, दोन तिकडे. अगदी बसली. त्या दिवशी मात्र ठमा मोठ्यानं रडली, आणि भागू तिला धरून बसली होती.

पुढे काचेच्या नळीतलं औषध आलं, सरकार पुन्हा आलं, आणि एका दंडावरून दुसऱ्या दंडावर पाणी न्यायची गरज संपली. ठमा तोवर थकली होती. शेवटच्या गुरुवारी कोणाचा दंड होता ते कुणालाच नक्की आठवत नाही, सातही गावं आपलंच नाव सांगतात.

आता ती वस्ती वस्ती राहिलेली नाही, तिथे पक्की घरं आहेत, नांगरटीच्या रानातून डांबरी रस्ता गेलाय. पण पानवळमध्ये संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी आजही बाया चिंचेखाली एकच हात भरून घेतात. मग एक हात मोकळा ठेवून, वर्षाच्या आतली लेकरं कडेवर घेऊन, त्या रस्त्यानं चालत जातात आणि दुसरा हात भागूच्या अंगणात भरतात. ते अंगण अजून आहे, तानीच्या पणतीचं घर आहे तिथे. लेकरांचे दंड एकमेकांना लावायचे, एकमेकींना नाव विचारायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. सरकारी दवाखान्यातली नर्सही त्या दिवशी अंगणातच पेटी घेऊन बसते. तिचाही एक हात मोकळा असतो.

पण त्या दिवशीचं पहिलं काकण कुणा आईला मिळत नाही. चिंचेखाली कासार पाटी उतरवतो, तळातून फडकं काढतो, त्यात तशीच चार इवलीशी हिरवी काकणं असतात. खोऱ्यातली चार वर्षांची जी कोणी पोर त्या दिवशी समोर सापडेल तिला तो जवळ बोलावतो. ती कुणाची, कुठल्या गावची, हे विचारायचं नसतं. तिच्या हातात काकणं भरेपर्यंत सगळे तिला सुली म्हणतात.